बारा फूट नऊ इंच

डाखोळे काकांच्या घरी कोणीही गेलं, तरी चहाच्या आधी त्याच्या हातात नट आवळायचा पान्हा यायचा. दूधवाला असो, वर्तमानपत्राचं बिल मागायला आलेला माणूस असो, नाहीतर काकूंच्या भजनी मंडळातली एखादी बाई असो. काका त्यांना शेडमध्ये न्यायचे, एखाद्या उघड्या इंजिनावरचा एखादा नट बोटानं दाखवायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "जरा पाहा बरं, घट्ट हाय का?" पाहुणा बिचारा पान्हा लावायचा, जोर करायचा, नट हलायचा नाही. मग काका मान हलवायचे आणि चहा यायचा.

लोक हसायचे. तीस-पस्तीस वर्षं हिंगण्याच्या कारखान्यात फिटरपासून फोरमनपर्यंत चढलेला माणूस, त्याला स्वतःच्या हाताचा भरवसा नाही म्हणजे काय! मीही हसायचे. आमची दोघांची कंपाउंडची भिंत एकच. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांची शेड थेट दिसायची, आणि मी गणित शिकवते म्हणून असेल, नट तपासायला सगळ्यांत जास्त वेळा मलाच बोलावणं यायचं. "मास्तरीण, दोन मिनिटं ये वं."

प्रताप नगरातल्या आमच्या गल्लीत निवृत्त माणसं पुष्कळ. सकाळी फिरतात, संध्याकाळी मंदिराच्या ओट्यावर बसतात. काका त्यांच्यात कधीच नव्हते. उंच, वाळका देह, कानांवर पांढरे केस, अंगात हाफ शर्ट आणि पायजमा. चालताना पावलांचा आवाज होत नसे. पाठ करून भाजी निवडत असले की ते भिंतीपलीकडे कधी येऊन उभे राहिले ते कळायचंच नाही. आणि बोलायचे इतकं हळू, जणू शेजारच्या खोलीत कोणी झोपलं आहे. कधी मोठ्यानं हसलेले आठवत नाहीत. हात मात्र लखलखीत. आधी डिझेलनं, मग सोड्यानं, मग लिंबाच्या सालीनं, असे तीनदा धुवायचे. नखांत काळा ठिपका दिसला तर परत पहिल्यापासून.

शेड त्यांनी निवृत्तीनंतर स्वतः उभी केली. दोन वर्षं लागली. काकूंचा कढीपत्ता मुळांसकट उचलून मागे लावला, आणि घराच्या बाजूच्या मोकळ्या पट्टीत आधी जमीन खणली. गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून माणूसभर खोल खड्डा केला, आतून विटा लावल्या. मग फरशी. ती सपाट झाली की नाही हे पाहायला त्यांनी नातवाची काचेची गोटी मधोमध ठेवली आणि तिच्याजवळ उकिडवे बसून राहिले. मी माझ्या खिडकीतून पाहत होते. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. गोटी हलली नाही, आणि काकाही. वर लोखंडी तुळई, तिला इंजिन उचलायची साखळीची पुली. भिंतीवर पाटी, तिच्यावर प्रत्येक पान्ह्याची आकृती रंगवलेली, म्हणजे कुठला जागेवर नाही ते येता-जाता दिसावं. काकूंच्या लोणच्याच्या बरण्या एकेक करून तिकडे गेल्या आणि त्यांत नट-बोल्ट भरले गेले. "यंदा आंब्याचं लोणचं बोल्टाच्या डब्यात घालते मी," काकू म्हणाल्या होत्या.

सगळं झाल्यावर एके सकाळी काकांनी टेप घेतली, खडू घेतला आणि फरशीवर खड्ड्याच्या बाजूला एक चौकट आखली. बारा फूट नऊ इंच लांब, पाच फूट रुंद. मी माप विचारलं म्हणून कळलं.

त्याच दिवशी मी बाजारातून येताना काकूंची मेथी द्यायला शेडमधून गेले आणि जुडी त्या चौकटीत खाली ठेवली. काका कुठूनसे आले, जुडी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "तिथं नको ठेवू. गाडी हाय तिथं."

"गाडी येणार आहे?"

"हाय," काका म्हणाले.

मी रिकाम्या फरशीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. ते मस्करी करणाऱ्यातले नव्हते.

ती चौकट पुढे सहा वर्षं रिकामी राहिली. खडू पुसट झाला की काका परत गिरवायचे. इतर गाड्या आल्या, त्यांना जागा पुरेना, तरी त्या पलीकडच्या कोपऱ्यात नाहीतर बाहेर ताडपत्रीखाली उभ्या राहिल्या. काकू झाडताना त्या जागेला वळसा घालून जायच्या. हळूहळू मलाही सवय लागली. शेडमध्ये गेले की माझे पाय आपोआप चौकटीच्या कडेकडेनं चालायचे, जसे आपण उभ्या गाडीच्या बाजूनं चालतो. एकदा तर वळताना मी अंग चोरून घेतलं, आरशाला कोपर लागू नये म्हणून. मग लक्षात आलं, तिथे आरसा नाही. काहीच नाही.

पहिली गाडी आली ती काळी ॲम्बेसेडर. कोण्या वकिलाची होती. वकील वारले, गाडी वीस वर्षं बंद गॅरेजात पडून होती. लेकीनं ती काकांकडे दिली, दुरुस्त करून द्या म्हणून. माझी कल्पना, काका लगेच बॉनेट उघडतील. त्यांनी उघडलं नाही. ते मागचं दार उघडून आत बसले, काचा वर केल्या आणि सकाळपासून चार वाजेपर्यंत तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकू ताट घेऊन गेल्या आणि काचेवर टकटक करून परत आल्या.

"काय करतात हो काका आत?" मी विचारलं.

"आयकतात म्हणे," काकू म्हणाल्या. "मी दहा वेळा जेवाले हाका मारते, त्या नाही आयकू येत. गाडीत वीस वर्साआधी कोण बसत होतं त्याचं मात्र आयकू येते."

तिसऱ्या दिवशी काकांनी मला बोलावलं. मागच्या सीटच्या डाव्या बाजूला, दाराच्या हात टेकायच्या पट्टीखाली बोट फिरवायला सांगितलं. पट्टीच्या खालच्या बाजूचं रेक्झिन चार जागी फाटलं होतं, चार बारीक अर्धचंद्र, एकाशेजारी एक.

"नखं हायेत," काका म्हणाले. "इथं एक बाई बसत होती. रोज. दार धरून बसत होती, अन् तोंडातून आवाज काढत नव्हती. पुढं चालवणाऱ्याचा पाय पाहा." त्यांनी ब्रेकचा पॅडल दाखवला. रबर जवळजवळ नवं होतं. ॲक्सिलरेटरचं मात्र झिजून लोखंड उघडं पडलेलं. "ब्रेक माहीतच नव्हता त्याले."

असं कोणी सांगितलं की आपल्याला पटतं. झीज दिसतेच आहे. पण काका पुढे म्हणाले, "एकदा तिनं उतरायसाठी दार उघडलं होतं. चालत्या गाडीत." हे त्यांना कुठल्या झिजेवरून कळलं ते मी विचारलं नाही.

चार महिन्यांनी गाडी तयार झाली आणि वकिलांची लेक न्यायला आली. साठीची, केस बारीक कापलेली, चांगली हसतमुख बाई. गाडी पाहून टाळ्या वाजवल्या तिनं. मग मागचं दार उघडून आत बसली, डाव्या बाजूला, आणि तिचा हात आपसूक पट्टीखाली गेला. काकांनी सगळं नवं केलं होतं, ती पट्टी तेवढी बदलली नव्हती. बाईचा चेहरा उतरला.

"इथे आई बसायची," ती म्हणाली. "बाबा चालवत असताना गाडीत बोललेलं चालत नसे." आणि थोड्या वेळानं, आम्हाला न सांगितल्यासारखं, "वर्ध्याच्या रस्त्यावर एकदा तिनं दार उघडलं होतं. मी तिचा पदर धरला."

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पान्हा तिच्या हातात दिला आणि चाकाचा नट घट्ट आहे का, ते पाहायला सांगितलं.

त्यानंतर बरेच दिवस मी शेडमध्ये जायचं टाळलं. पण शेजार म्हटल्यावर किती टाळणार? एका दुपारी काकूंनी भिंतीवरून हाक मारली, "यांले सांग ना वं, गॅसवाला आला हाय." मी गेले. शेडमध्ये तेव्हा एक जुनी जीप होती, खालचा सांगाडाच फक्त, बॉडी उतरवलेली. काका तिच्याजवळ नव्हते. ते त्या खडूच्या चौकटीशेजारी पाटावर बसले होते, डोळे मिटून, मान जरा कलती करून. आणि कोणीतरी काही सांगत असताना आपण जसे हुंकार देतो तसे देत होते. "हं... हं. मंग?" थोडं थांबून, "अस्सं." परत थांबून, "नाही गा, मी नाही तसं म्हणलं."

शेडमध्ये कोणी नव्हतं. पत्रा तापून टकटक वाजत होता तेवढंच.

मी दाराशी थिजले. काकांनी डोळे उघडले. "कवा आली तू?"

"आत्ताच. गॅसवाला आला आहे."

"हं," असं म्हणून ते उठले. जाताना चौकटीला वळसा घातला.

'गा' आमच्याकडे पुरुषाला म्हणतात, आपल्या बरोबरीच्या नाहीतर घरातल्या. तो कोण ते मला दोन वर्षांनी कळलं.

डिसेंबरातल्या एका सकाळी गल्लीत ट्रक येऊन उभा राहिला. त्यावर एक लहानशी, दोन दारांची हेराल्ड मोटार. कधीकाळी आकाशी असावी, आता राखेच्या रंगाची, काचांवर कोळ्यांची जाळी. काका फाटकाशी उभे होते. इतर गाड्या यायच्या तेव्हा ते चार सूचना करायचे, ट्रकवाल्याला ओरडायचे सुद्धा, अर्थात त्यांच्या त्या हळू आवाजात. आज एक शब्द नाही. फळ्या लावून गाडी उतरवली, पाच-सहा जणांनी ढकलली आणि ती त्या खडूच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. पुढचा बंपर पुढच्या रेघेवर, मागचा मागच्या. एक बोटाचाही फरक नाही. ढकलणाऱ्यांतल्या एकानं शीळ घातली. काकू पदराचं टोक तोंडात धरून दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

या गाडीत काका बसले नाहीत. तीन दिवस ते तिच्या भोवतीनं फिरत राहिले, हात न लावता. चौथ्या दिवशी भिंतीपलीकडून हाक आली. "मास्तरीण, एक नट पाह्याचा हाय."

हेराल्डचा पुढचा अख्खा भाग झाकणासारखा पुढे उलटतो. तो उघडलेला होता. काकांनी बोट केलं, पण बोट नटापर्यंत नेलं नाही. ब्रेकचं तेल ज्या डबीतून चाकांकडे जातं तिथून एक बारीक नळी निघते, ती डबीला जिथे जोडली जाते तिथला नट.

"घट्ट हाय का, ते सांग. मी नाही लावला हात."

मी वाकले. नट धुळीनं माखलेला होता, आणि त्याच्याभोवती तार गुंडाळलेली होती. गंजलेली, जाड, कुंपणाला वापरतात तसली. दोन वेढे आणि पीळ, नट पुन्हा सैल होऊ नये म्हणून पलीकडच्या पट्टीला बांधून टाकलेली.

"हलत नाही, काका. तार बांधली आहे."

काका खालीच बसले. फरशीवर, गाडीला पाठ लावून. पाणी आणू का म्हटलं तर मान हलवली. आणि मग त्यांनी सांगितलं. मला सांगत होते की नव्हते, कोण जाणे.

नरखेड तालुक्यात त्यांचं गाव. संत्र्याची बाग, विहीर, आणि वडिलांनी हौसेनं घेतलेली ही हेराल्ड. थोरला भाऊ मधुकर चोवीस वर्षांचा, बाग तोच पाहायचा. काका तेव्हा सोळा-सतराचे, गाडीच्या मागे वेडे. पावसानं दगा दिला होता, विहिरीला नवं इंजिन हवं होतं, आणि मधुकरनं ठरवलं, गाडी विकायची. रात्री भांडण झालं. "मी म्हणलं त्याले," काका म्हणाले, "गाडी विकली त तू मेला माह्यासाठी. सगळ्यायच्या देखत म्हणलं."

सकाळी गाडी गिऱ्हाइकाला दाखवायला न्यायची होती. ती शेवटचीच वेळ म्हणून काकांनी पहाटे उठून तिचं झाकण उघडलं. ब्रेकमध्ये तेल कसं धावतं ते त्यांना पाहायचं होतं. नळीचा नट खोलला, पाहिलं, परत लावला. हातातला पान्हा त्या मापाचा नव्हता, निसटत होता. तेवढ्यात मधुकर कपडे करून आला. "काय करून राह्यला गा?" "काही नाही," असं म्हणून यांनी झाकण लावून टाकलं.

मधुकर गाडी घेऊन गेला. तो परत आला नाही. गाडी नाही, माणूस नाही. वडिलांनी दवाखाने पालथे घातले, पोलिसांत गेले, नदीनाल्यांत माणसं उतरवली. आईनं त्याच्या नावानं पाणी सोडू दिलं नाही कधी. आणि काकांनी नटाचं कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, वडिलांना नाही. काकूंना सांगितलं ते लग्नाला वीस वर्षं झाल्यावर.

"पन्नास वर्सं मले ते दिसते," ते म्हणाले. "घाट हाय, तो पाय दाबून राह्यला, अन् पॅडल खाली जाऊन राह्यला. पन्नास वर्सं. मले फक्त गाडी पाह्यची होती. तो नट पाह्यचा होता."

म्हणून ती शेड. म्हणून ते आखलेलं माप, म्हणून जुन्या गाड्या. त्यांच्या नादानं जुन्या गाड्यांचे दलाल ओळखीचे झाले, आणि प्रत्येकाच्या वहीत काकांनी या हेराल्डचा चासी नंबर लिहून ठेवला. शेवटी मध्य प्रदेशाच्या हद्दीपलीकडच्या एका गावातून फोन आला. बंद पडलेला कापसाचा जिनिंग कारखाना पाडत होते, त्याच्या गोदामात सरकीच्या पोत्यांमागे ही सापडली. कारखान्याच्या जुन्या मालकाच्या नातवाला एवढंच ठाऊक होतं की कोण्या ओळखीच्या माणसानं ती ठेवली होती, येतो न्यायला म्हणाला होता. हँडब्रेक ओढलेला. चाकाखाली दगड. चावी सिगारेटच्या राखेच्या डबीत, कागदात गुंडाळलेली.

"म्हणजे ते वाचले, काका!" मी म्हणाले. "वाटेत त्यांना ब्रेक सैल लागला, त्यांनी थांबून आवळला, तार बांधली. काही झालं नाही त्यांना. तुमच्यानं काही झालं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं त्या चेहऱ्यावर सुटका दिसेल.

"ते त खरं हाय," ते म्हणाले. "पण पाह्य ना. रात्री मी म्हणलं, तू मेला माह्यासाठी. सकाळी त्यानं मले झाकण लावताना पाह्यलं. अन् दोन घंट्यानं रस्त्यात त्याले नट ढिला सापडला. त्याले काय वाटलं असन, मास्तरीण?"

मी वळून त्या तारेकडे पाहिलं.

"मंग तो घरी काहून येईन?" काका म्हणाले.

काकूंनी हे नंतर वेगळ्या शब्दांत सांगितलं, भिंतीशी उभ्या राहून, पुदिना तोडता तोडता. "आधी यांले वाटे तो मेला. आता वाटते जिता हाय. अन् तो जिता असल्याचंच यांले जास्त भेव वाटून राह्यलं."

पुढचं वर्षभर काकांनी ती गाडी उभी केली. इंजिन, गिअर, पत्रा, काचा, आकाशी रंग. तार बांधलेल्या नटाला शिवले नाहीत. तेल धुतानासुद्धा त्याच्याभोवतीनं चिंधी फिरवायचे. दुपारचे हुंकार थांबले होते. त्याऐवजी शेडमधून आता काहीच ऐकू यायचं नाही, आणि ते मला जास्त जड जायचं. एकदा सहज विचारलं, हिच्यात बसून ऐकलं नाहीत तुम्ही? "बसलो," ते म्हणाले. "ही काही बोलत नाही." ज्या माणसानं परक्या बाईच्या नखांवरून तिचं आयुष्य वाचलं, त्याला स्वतःच्या भावाच्या तारेवरून काही वाचता येईना.

गाडी चालू झाली तसे काका बाहेर पडू लागले. काटोल, नरखेड, पलीकडे हद्दीपर्यंतची गावं. जिथे आठवडी बाजार असेल तिथे त्या दिवशी जायचे. झाडाखाली गाडी लावायची, झाकण उघडायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या म्हाताऱ्यांना बोलवायचं. "जरा पाहा बरं." लोकांना वाटायचं गाडी विकायची आहे. कोणी हसायचे, कोणी सल्ला द्यायचे. काका त्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्यायचे नाहीत, त्यांचे हात पाहायचे. काकू एकदा बरोबर गेल्या आणि परत कधी गेल्या नाहीत. "सत्तरीच्या पुढचा माणूस दिसला का यांच्या तोंडाकडं पाहवत नाही," म्हणाल्या.

मार्चअखेरीला काका गेले. झोपेत, काही त्रास न होता. मी तेव्हा आईकडे वर्ध्याला होते, मला दोन दिवसांनी कळलं. त्यामुळे माझ्यासाठी शेवटचे काका म्हणजे त्याच्या आधीच्या पंधरवड्यातले, बाजारातले.

बोर्डाच्या परीक्षेची ड्युटी होती मला, नरखेडकडच्या एका शाळेत. पेपर आटोपून एसटीनं परत येत होते. वाटेतल्या गावात बाजार भरला होता, गर्दीमुळे गाडी रखडली, कंडक्टर म्हणाला दहा मिनिटं थांबू. ऊन रणरणत होतं. खिडकीतून पाहते तो मिरच्यांच्या ढिगांच्या पलीकडे, कडुलिंबाखाली, ती आकाशी हेराल्ड. झाकण उघडं. मी उतरले.

गाडीशी एक म्हातारा उभा होता. ठेंगणा, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, हातात भाजीची पिशवी. काकांनी मला पाहिलं, पण ओळख दिली नाही. मी दुसऱ्या बाजूला थांबले.

म्हाताऱ्यानं पिशवी खाली ठेवली. हात दुपट्ट्याला पुसला आणि वाकून ती तार पाहिली. "कवाचं हाय हे?"

"पन्नास वर्सं झाले," काका म्हणाले.

"बांधणारा शेतातला दिसते."

"हो."

"ब्रेक गळला असन त्याचा."

"मी उघडला होता," काका म्हणाले. हे ते कोणालाही सांगत नसत. "लहान होतो. पाह्यसाठी उघडला. लावता नाही आला."

बाजाराचा कालवा चालू होता, कोणीतरी लाउडस्पीकरवर चपला विकत होतं. मला मात्र त्या झाडाखाली सगळं एकदम लांब गेल्यासारखं वाटलं.

"त्याले राग आला असन का माह्या?" काकांनी विचारलं.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. त्यानं काकांचा हात धरला, त्यांचं बोट तारेवर ठेवलं आणि हळूहळू पिळावरून पुढे नेलं. "टोक कुठं हाय तारेचं? पाहा."

काकांचं बोट थांबलं. "आत."

"आत वळवलं हाय. पुढं कोणी हात घालन, त्याले टोचू नये म्हणून." म्हाताऱ्यानं हात सोडला. "त्या गाडीत मंग कोण हात घालत होतं, ते बांधणाऱ्याले माहीत असनच. रागातला माणूस येवढं करते का?"

वर्षभर काकांनी ती तार पाहिली होती. मीही पाहिली होती. टोक कोणालाच दिसलं नव्हतं.

म्हाताऱ्यानं झाकण धरलं. हेराल्डचं ते झाकण लावणं सोपं नसतं. काकांना नेहमी दोन-तीनदा आपटावं लागे, कुठली तरी एक बाजू अडायची. या माणसानं डावी बाजू जरा उचलली, मांडीनं रेटा दिला, आणि ते एका फटक्यात बसलं. मग त्यानं पत्र्यावरून तळवा फिरवला. "लय जपली," म्हणाला. पिशवी उचलली आणि बाजारात चालू लागला. घाईनं नाही, रमतगमतही नाही.

"काका! नाव तरी विचारा. जा ना मागे!"

"नको," काका म्हणाले. त्यांची नजर त्या दुपट्ट्यावर होती. "त्याले घरी जाऊ दे."

कंडक्टरनं घंटा दिली. मी धावत जाऊन गाडीत चढले, खिडकीला आले. बाजारात पांढरे दुपट्टे शंभर होते, कुठला त्याचा ते आता सांगता आलं नसतं. काका झाडाच्या सावलीतून उन्हात आले होते आणि उजव्या हाताचं ते बोट डाव्या मुठीत धरून, गर्दीकडे तोंड करून उभे होते. एकही पाऊल पुढे टाकलं नाही त्यांनी. एसटी वळली, मध्ये टरबुजांची गाडी आली, आणि ते दिसेनासे झाले.